उत्तराचे बक्षीस, पुढचा प्रश्न

सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत सुघड मला वाटतो तो फोनच्या पडद्यावर चालणारा साखळीचा खेळ. एकाने प्रश्न विचारायचा. ज्याचे उत्तर पहिल्यांदा बरोबर येईल त्याने पुढचा प्रश्न विचारायचा. नियम एवढाच. घंटा नाही, गुणफलक नाही, पंच नाही. पुण्यातले कोणी रात्री अकराला प्रश्न टाकून झोपते, न्यू जर्सीतले कोणी आपल्या दुपारी तो सोडवते, आणि पुणेकराला सकाळच्या चहाबरोबर स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर व एक नवा प्रश्न असे दोन्ही एकदमच मिळते. इतक्या कमी सामग्रीवर इतका दीर्घ चालणारा दुसरा बुद्धीचा खेळ मला माहीत नाही.

भारतात प्रश्नमंजूषेची परंपरा तशी जुनी. 1967 मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी खुली स्पर्धा घेतली, 1972 पासून बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट रेडिओवर गाजली, 1985 मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर आला आणि 2000 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ने हा शौक घरोघरी पोचवला. या साऱ्यांत विचारणाऱ्याची खुर्ची मात्र ठरलेली. साखळीच्या खेळात ती खुर्ची फिरती असते. त्याचे खरे नाते आपल्या गाण्याच्या भेंड्यांशी आहे. तिथे एकाचे शेवटचे अक्षर दुसऱ्याचे पहिले होते, इथे एकाचे उत्तर त्याच्या प्रश्नाचा हक्क होते. आणि म्हणूनच इथला प्रश्नकर्ता वेगळा असतो. थोड्या वेळापूर्वी तो स्वतः डोके खाजवत बसलेला असतो, अन्याय्य प्रश्नाचा वैताग आणि नेमक्या प्रश्नाचे सुख दोन्ही त्याच्या जिभेवर ताजे असतात. परीक्षकाला परीक्षार्थी करून मग पुन्हा परीक्षक करणारी ही रचना चांगल्या प्रश्नाची सर्वांत चांगली शाळा आहे.

आता नमुन्यादाखल काही प्रश्न उलगडून पाहू. पहिला असा: ‘1556 साली जेझुइट धर्मोपदेशकांबरोबर पोर्तुगालहून इथिओपियाला निघालेले एक यंत्र वाटेत गोव्यात उतरले आणि तिथेच राहिले. कोणते?’ यातली पहिली खुबी म्हणजे प्रश्नात उत्तराची सावलीसुद्धा नाही. शोधयंत्राला पकडायला नाव लागते, आणि इथे नाव तेवढे झाकलेले आहे. ऑनलाइन खेळात प्रत्येकाच्या बोटाखाली सारे ज्ञानकोश असतात. तरीही चांगला प्रश्न असा बेतलेला असतो की शोधण्यापेक्षा विचार करणे सोपे पडावे. दुसरी खुबी ‘धर्मोपदेशकांबरोबर’ या शब्दात. घाईने वाचणारा तो शोभेचा समजून पुढे जातो आणि तोफेपासून घड्याळापर्यंत सारे सुचवून पाहतो. थांबणारा मात्र स्वतःला विचारतो, परक्या मुलखात धर्म सांगायला निघालेल्या माणसाला कोणते यंत्र लागेल? एकच वचन शेकडो हातांत पोचवणारे. छापखाना! उत्तर माहीत नसलेला माणूस केवळ तर्काने तिथे पोचतो. क्विझवाले याला ‘वर्कआउट होणारा प्रश्न’ म्हणतात. ही पायवाट प्रश्नातच आखून ठेवणे, आणि तरी ती दिसू न देणे, यात प्रश्नकर्त्याचा हात दिसतो.

दुसरा नमुना झिजलेल्या प्रश्नाला नवी धार लावण्याचा. ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली?’ हा प्रश्न शाळेपासून इतक्या वेळा कानांवर आलेला असतो की तो ऐकताना मेंदू जागाही होत नाही. तेच ज्ञान एका रसिक प्रश्नकर्त्याच्या हाती पडले तर प्रश्न होतो: ‘साहिब, सिंध आणि सुलतान. एप्रिल 1853 मध्ये या तिघांच्या मागोमाग सुमारे 400 माणसे मुंबईहून ठाण्याला गेली. हे तिघे कोण?’ आता यातला प्रत्येक शब्द तोलून पाहा. ‘तिघे’ आणि ‘कोण’ या दोन शब्दांनी मनात सरदार नाहीतर संस्थानिक उभे राहतात. ‘मागोमाग’मुळे एखादी यात्रा, एखादा मोर्चा डोळ्यांसमोर येतो. पण एकही शब्द खोटा नाही. माणसे खरोखरच त्या तिघांच्या मागे होती, 14 डब्यांत बसून. साहिब, सिंध आणि सुलतान ही 16 एप्रिलला बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या गाडीची तीन इंजिने. फसवायचे, पण खोटे बोलायचे नाही, ही या कलेतली नीती आहे. उत्तर कळल्यावर हरलेला माणूस प्रश्न पुन्हा वाचतो, एकही शब्द वावगा सापडत नाही, आणि त्या पराभवातही त्याला गंमत वाटते.

तिसऱ्या प्रश्नात खेळाचा साखळीगुण सर्वांत छान दिसतो. ‘1886 मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे नाव एका ग्रहावरच्या विवराला दिलेले आहे. तो ग्रह कोणता?’ वरवर पाहता हा निव्वळ माहितीचा प्रश्न. माहीत असेल तर आहे, नसेल तर नाही. पण खगोलशास्त्रातला नामकरणाचा संकेत ज्याला ठाऊक आहे त्याला तो पायरीपायरीने उतरता येतो. बुधावरच्या विवरांना साहित्यिक, चित्रकार, संगीतकार यांची नावे मिळतात. मंगळावरच्या मोठ्या विवरांना बहुधा शास्त्रज्ञांची, लहानांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची. शुक्रावर, मोजके अपवाद सोडले तर, सारी नावे स्त्रियांची. उत्तर शुक्र. प्रश्नात ‘आनंदीबाई’ हे नाव उघड दिलेले आहे. किल्ली कुलपातच लावून ठेवलेली, फक्त ती किल्ली आहे हे ओळखायचे.

पुढे जे होते ते एकट्या प्रश्नमंजूषेत कधीच होणार नाही. उत्तर देणाऱ्याची पाळी येते, आणि त्याच्या मनात अजून तेच आकाश असते. तो विचारतो: ‘कालिदास, तानसेन आणि त्यागराज. संस्कृत कवी, मोगल दरबारचा गवई आणि दक्षिणेचा संतसंगीतकार हे तिघे सूर्यमालेत एकत्र कुठे भेटतात?’ आत्ताच्या चर्चेत कोणी बुधाचे नाव चुकून घेतलेले असते. त्याच चुकीच्या उत्तरातून नवा प्रश्न उमलतो, कारण या तिघांच्या नावांची विवरे बुधावर आहेत. मागच्या फेरीत हरलेला माणूस या फेरीत सर्वांच्या आधी उत्तर देतो. आदल्या प्रश्नात वाया गेलेले ज्ञान उचलून पुढच्यात कामाला लावणे, आणि तेही हरलेल्याचा मान राखून! मैफलीत एका गायकाने सोडलेली जागा दुसऱ्याने हळुवार भरावी, तशी ही दाद आहे.

या खेळात इशारा देण्याचीही स्वतंत्र कला आहे, आणि ती प्रश्न रचण्याहून अवघड आहे असे माझे मत आहे. समजा प्रश्न असा: ‘हा खेळ एकेकाळी इंग्रज अधिकाऱ्यांत पुण्याच्या नावाने ओळखला जाई. आज तो इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या वाड्याच्या नावाने ओळखला जातो.’ काही तास कोणालाच जमत नाही. कच्चा प्रश्नकर्ता इथे घाबरून सिंधू किंवा सायनाचे नाव घेतो आणि सारा खेळ तिथेच संपवतो. मुरलेला आधी एवढेच म्हणतो: ‘या खेळाला वारा सोसत नाही.’ हा इशारा उत्तराकडे बोट दाखवत नाही, फक्त मैदाने, घोडे आणि चेंडू बाजूला सारतो. तरीही अडले तर दुसरा इशारा: ‘पहिल्या अर्जुन पुरस्कारांच्या वर्षी, 1961 मध्ये, सांगलीत जन्मलेल्या एका खेळाडूला याच खेळासाठी तो मिळाला.’ आता नंदू नाटेकरांचे नाव ज्याच्या मनात येते त्याला बॅडमिंटन सापडते, आणि ड्यूक ऑफ ब्यूफोर्टचा ग्लॉस्टरशरमधला बॅडमिंटन हाउस नावाचा वाडाही. पहिला इशारा खेळाच्या स्वभावाचा, दुसरा माणसाचा. वर्तुळ लहान करत आणायचे, पण मध्यबिंदूवर शेवटचे पाऊल उत्तर देणाऱ्याचेच पडू द्यायचे. त्या एका पावलाचा आनंद राखून ठेवण्यात इशारा देणाऱ्याचे मोठेपण आहे.

‘बरोबर’ या शब्दानंतर काय येते, यावरही जाणकार प्रश्नकर्ता ओळखू येतो. एक प्रश्न पाहा: ‘1917 च्या एका मूकपटात पती आणि पत्नी या दोन्ही भूमिका एकाच पुरुषाने केल्या. ते जोडपे कोणते?’ कोणीतरी ओळखतो की हा काळ दादासाहेब फाळक्यांचा, पडद्यावर स्त्रिया यायला तयार नव्हत्या, विषय पौराणिक असणार. आणि तो लिहितो, राम-सीता. प्रश्नकर्ता नुसते ‘बरोबर’ म्हणून बाजूला होऊ शकतो. पण रसिक असेल तर तो दोन ओळी जोडतो. चित्रपट ‘लंकादहन’, नट अण्णा साळुंके. पूर्वी हॉटेलात आचारी असलेल्या याच माणसाने चार वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केली होती. आणि मग तो एक बारीकसा धागा दाखवतो: लंकेच्या कथेत राम आणि सीता बहुतेक वेळ एकमेकांपासून दूर असतात, तेव्हा एकाच नटाने दोन्ही भूमिका करायला याहून सोयीचे कथानक रामायणात शोधूनही सापडणार नाही. प्रश्न सुटल्यानंतर तो अधिक सुंदर व्हावा, हे फार थोड्या खेळांत घडते.

ही जोडओळ म्हणजे खेळातला सर्वांत निःस्पृह भाग. तिला गुण नाहीत, तिच्यामुळे पाळी मिळत नाही. छापखान्याच्या प्रश्नानंतर कोणी सांगतो की पुढे 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे, राशोल म्हणतात ते, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे 11,000 ओव्या, भाषा मराठी, आणि लिपी रोमन. इथिओपियाला निघालेल्या एका खोक्यापासून मराठी ओवीपर्यंतचा हा प्रवास प्रश्नात मावणारा नव्हता. तो मागाहून कोणीतरी हौसेने वाढलेला असतो, आणि वाचणाऱ्यांपैकी एखादा त्याच ओव्यांचे पुस्तक शोधायला लागतो.

या खेळाचे शिष्टाचारही सूक्ष्म आहेत. उत्तर अर्धे बरोबर असेल तर ‘जवळ आलात’ म्हणायचे, पण कुठल्या बाजूने ते सांगायचे नाही. दोघांची उत्तरे एकदम आली तर आधी पोचलेल्याला पाळी द्यायची, आणि दुसऱ्याची नावानिशी तारीफ करायची. ज्याला पाळी मिळाली त्याला वेळ नसेल तर त्याने ती मोकळी सोडायची, म्हणजे कोणीही पुढे यावे. शोधून आणलेले उत्तर कोणी तपासू शकत नाही. तरी अनेक खेळाडू स्वतःहून लिहितात, ‘हे मी शोधून पाहिले, पाळी दुसऱ्याला द्या.’ पंचाशिवाय चालणारा खेळ शेवटी या एका ओळीवर उभा असतो, आणि ती ओळ लिहिणाऱ्याबद्दल मला उत्तर देणाऱ्याहून अधिक आदर वाटतो.

विषयांची मोकळीक हाही या रचनेचा गुण. पुण्याचा बोट क्लब क्विझ क्लब असो वा मुंबईचा बॉम्बे क्विझ क्लब, तिथल्या मुरलेल्या स्पर्धकांचे कसब मोठेच. पण स्पर्धेत एका संचात एका माणसाची आवड भरलेली असते. साखळीत प्रत्येक पाळीबरोबर आवड बदलते. आयुष्यभर पोस्टात काम केलेले आजोबा पिनकोडचा प्रश्न विचारतात, बँकेत काम करणारी मावशी चिंतामणराव देशमुखांपाशी येते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943. शाळकरी नातू विचारतो की ऑक्टोपसला हृदये किती, आणि तीन हे उत्तर ऐकून आजोबा चकित होतात. एकाच तासात टपाल, अर्थकारण आणि समुद्र. कोणाच्याही ज्ञानाला इथे जागा आहे, आणि ती जागा मिळवण्यासाठी फक्त एक बरोबर उत्तर द्यावे लागते.

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी म्हणून साधी आहे. ज्याला उत्तर येते त्याला प्रश्न वाचून मजा वाटली पाहिजे, ज्याला येत नाही त्याला विचाराने तिथे पोचता आले पाहिजे, आणि ज्याला पोचता आले नाही त्याला उत्तर कळल्यावर ‘अरे, हे तर समोरच होते’ असे म्हणावेसे वाटले पाहिजे. साहिब, सिंध आणि सुलतान या तिन्ही अटी पुऱ्या करतात. ‘पहिली रेल्वे कधी’ एकही करत नाही. तेव्हा पुढच्या वेळी तुमचे उत्तर बरोबर आले आणि पाळी तुमच्याकडे आली, तर पाठ असलेला पहिला प्रश्न टाकू नका. थोडा वेळ घ्या, नाव झाका, एक प्रामाणिक खूण ठेवा, आणि मग विचारा.