गाव शिकलं म्हणजे नेमकं कोण शिकलं?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की 'लोकसहभाग' हा शब्द पहिल्याच पानावर येतो. समजा तुमचा विषय आहे 'मुळशी तालुक्यातील वाड्यांमध्ये लोकसहभागातून परस्परशिक्षण'. विषय चांगलाच आहे. पण या शब्दाच्या पोटात बरंच काही लपतं. म्हणून आधी झालेल्या दोन कामांकडे आज जरा चिकित्सक नजरेनं बघू.

पहिलं काम आपल्याच राज्यातलं. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली मंडळी निरक्षर प्रौढांना शिकवायची. एकेक माणूस नव्हे, अख्खं गाव साक्षर करायचं ही मूळ कल्पना. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कारही मिळाला.

मोहिमेचं बळ गावाच्या अभिमानात होतं, आणि संशोधक म्हणून आपली अडचणही तिथंच आहे. ज्या टप्प्यावर मोजमाप, त्याच टप्प्यावर सत्कार! सगळं गाव नटूनथटून जमलं असताना 'आमच्या आळीतल्या चार जणांना अजून वाचता येत नाही' असं कोण सांगेल? पुढे अनेक नवसाक्षरांचं वाचन सुटलं आणि ते पुन्हा निरक्षर झाले, ही या मोहिमेवरची जुनी टीका. समारंभानंतर वर्षभरानं काय उरलं, हे बघण्याची सोय आराखड्यातच हवी.

दुसरं काम उत्तर प्रदेशातलं, पण त्यातली संस्था 'प्रथम' मूळची मुंबईची. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि स्तुती खेमाणी यांचा हा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जौनपूर जिल्ह्यातली २८० गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटली. एका गटात पालकांना ग्राम शिक्षण समितीची माहिती दिली. दुसऱ्यात त्याबरोबर मुलांचं वाचन तपासायला शिकवलं. तिसऱ्यात याशिवाय गावातल्या स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं. चौथ्या गटात काहीच केलं नाही.

निष्कर्ष मननीय आहे. नुसत्या माहितीनं ना शाळा बदलली, ना मुलांचं वाचन. तिसऱ्या गटात मात्र स्वयंसेवक पुढे आले, आणि जी मुलं वर्गाला गेली त्यांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं. म्हणजे शाळेवर लक्ष ठेवणं आणि स्वतः शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्रस्तावात दोन्हींना 'लोकसहभाग' म्हटलंत की काय तपासायचं हेच ठरत नाही.

पण इथंही थांबा. त्या गावांतली साधारण ८ टक्के मुलंच वर्गाला गेली. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यातली सुमारे १३ टक्के. हा निबंध उद्धृत करताना 'गेलेल्यांना फायदा झाला' हे वाक्य सगळे उचलतात, छेद मात्र गाळतात. उरलेली मुलं का आली नाहीत, हा खरं तर तुमच्या पीएचडीचा प्रश्न होऊ शकतो.

आता मुळशीत या. एकाच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आणि ताम्हिणीचा घाट. तालुक्याची सरासरी काढलीत तर ती दोघांबद्दलही खोटं बोलेल. मग 'गाव' हे एकक घ्यावं का? सत्याग्रह होऊनही मुळशीचं धरण झालंच, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांतली वस्ती विखुरली. महसुली दप्तरात गाव एक, प्रत्यक्षात गावठाण, धनगरवाडा आणि कातकरी वाडी वेगवेगळ्या. वर्ग गावठाणातल्या देवळात भरणार असेल, तर वाडीवरचं पोर ओढा ओलांडून संध्याकाळी येणार कसं? शिकवणारी दहावी झालेली मुलगी वाडीत नसेल तर स्वयंसेवक कुठून आणायचा?

शिवाय दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तुम्ही पहिली चाचणी सप्टेंबरात आणि शेवटची फेब्रुवारीत घेतलीत, तर सगळ्यात गरजू मुलं शेवटच्या यादीत नसतील. उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाईल आणि तुम्ही लिहाल, 'उपक्रम यशस्वी'. ही गळती तळटीपेत ढकलायची गोष्ट नाही. त्या अहवालावर पुढचा निधी ठरतो, आणि जे पोर मोजलंच गेलं नाही त्याच्यासाठी पुढच्या वर्षीही काही येत नाही.

तेव्हा प्रस्तावातला 'लोकसहभाग' खोडा आणि त्या जागी साधी वाक्यं लिहा: कोण, कुणाला, कुठल्या वाडीत, आठवड्यातून किती वेळा शिकवणार. छेदात वाडीवरचं प्रत्येक मूल धरा, आलेलं आणि न आलेलंही. शेवटची चाचणी कुटुंबं पावसाळ्याच्या तोंडावर परतल्यावर घ्या. मार्गदर्शक म्हणतील वेळापत्रक लांबतंय. लांबू द्या.