बर्नाब्यूवरच्या तीन रात्री : आयाक्सच्या तीन संघांची तुलना

एका फुटबॉल क्लबच्या तीन काळांतल्या तीन मोठ्या संघांची तुलना करणार, असं आयोजकांना कळवलं तेव्हापासून एकच प्रश्न ऐकतोय. आत्ता चहाच्या वेळीही ऐकला: हे संघ समोरासमोर आले असते तर जिंकलं कोण असतं? तो आधीच निकालात काढतो. सगळ्यांत अलीकडचा संघ जिंकला असता. आहार, व्यायाम, मैदानं, धावण्याचा वेग, सगळंच पन्नास वर्षांत बदललंय. सत्तरीतला त्यांचा सर्वोत्तम खेळाडू सिगारेट ओढायचा हो! (हशा) गप्पांना तो प्रश्न बरा आहे. त्यातून संघांबद्दल मात्र काही कळत नाही.

क्लब आहे अ‍ॅम्स्टरडॅमचा आयाक्स. आपल्या पेपरांत 'अ‍ॅजॅक्स' असंही छापून येतं. डच नावांचे माझे उच्चार आज सांभाळून घ्या. या क्लबनं युरोपियन चषक चार वेळा जिंकलाय: 1971, 1972, 1973 आणि 1995. तुलनेचे संघ तीन. योहान क्रॉइफचा सत्तरीतला संघ, लुई व्हॅन गालचा 1995 चा आणि एरिक टेन हागचा 2019 चा. तिसऱ्यानं युरोपात काहीच जिंकलं नाही, मग तो का घेतला ते पुढे येईल.

या तिन्ही संघांत एक गंमत आहे. तिघांनीही माद्रिदच्या बर्नाब्यू मैदानावर, रेआल माद्रिदच्या घरात जाऊन, रेआलला हरवलंय.

पहिली रात्र एप्रिल 1973 ची, युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीतली. पहिला सामना आयाक्सनं घरी 2-1 असा जिंकला होता, म्हणजे आघाडी अगदी काठावरची. दुसऱ्या सामन्यात गेरी म्युरेनकडे लांबून एक उंच चेंडू येतो. तो चेंडू खाली पडू देत नाही, डाव्या पायावर हवेतच खेळवत राहतो, आणि मागून धावत येणाऱ्या रूड क्रॉलकडे सोपवतो. उपांत्य सामन्यात, परक्या मैदानावर! आयाक्स 1-0 जिंकलं आणि तो गोलही म्युरेनचाच.

दुसरी रात्र 22 नोव्हेंबर 1995. चॅम्पियन्स लीगची गटसाखळी. रेआल स्पेनचा विजेता, आयाक्स युरोपचा. लिटमानेन आणि क्लुइव्हर्टचे गोल, आयाक्स 2-0. माद्रिदच्या प्रेक्षकांनी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. ही तारीख लक्षात ठेवा, तिचं काम आहे.

तिसरी 5 मार्च 2019. घरी 1-2 हरून आयाक्स माद्रिदला आलेलं. समोर सलग तीन वेळचा युरोपविजेता. रोनाल्डो सोडून गेलेला आणि कर्णधार रामोस निलंबित, हे खरं. तरीही 4-1? दुसऱ्या गोलच्या आधी दुसान ताडिचनं चेंडूवर पाय ठेवून कासेमिरोभोवती जी गिरकी घेतली, ती पाहिली नसेल तर घरी गेल्यावर जरूर पाहा.

या तीन चित्रफिती लागोपाठ पाहिल्या की निवेदक म्हणतात तेच आपणही म्हणतो: तीच परंपरा, तीच 'टोटल फुटबॉल'ची शाळा. मला हे अर्धंच पटतं. पहिल्या दोन संघांचा खेळ आतून जवळजवळ उलटा आहे.

आपल्या खो-खोचं उदाहरण घेऊ. खो मिळाला की बसलेला उठतो आणि पळणारा त्याच्या जागी बसतो. माणूस बदलतो, पण चौकोन रिकामा राहत नाही. रिनस मिशेल्सनं बसवलेला आणि पुढे स्टेफान कोव्हाक्सनं सैल सोडलेला सत्तरीतला आयाक्स असा होता. सुरबीअर आणि क्रॉल हे बचावपटू कडेनं पार पुढे जायचे, मधला खेळाडू त्यांची जागा धरायचा. क्रॉइफ नावाला मुख्य आक्रमक, पण तो खाली येऊन चेंडू घ्यायचा. त्याला धरून असलेला बचावपटू गोंधळायचा: मागे जाऊ की जागा सोडू नको? 1972 च्या अंतिम सामन्यात इंटर मिलान याच प्रश्नावर हरलं. माणसाला माणूस लावणारा इटालियन बचाव, आणि ज्याला धरायचं तो माणूस जागेवरच नाही. निकाल 2-0, दोन्ही गोल क्रॉइफचे.

व्हॅन गालच्या संघात माणूस हलत नाही, चेंडू हलतो. ओव्हरमार्स डाव्या रेषेवर, फिनिडी जॉर्ज उजव्या रेषेवर, दोघांनी रेषा सोडायची नाही. मागे तिघे, त्यांच्यापुढे रायकार्ड, वरच्या टोकाला लिटमानेन. चेंडू एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे फिरत राहतो, प्रतिस्पर्धी धावून थकतो आणि मग फट पडते. 1994-95 च्या मोसमात हा संघ डच लीगमध्ये एकही सामना हरला नाही, 106 गोल केले, आणि त्याच मोसमात युरोपातही हरला नाही. माझी एक तक्रार आहे, ती सांगतोच. हा संघ कधीकधी रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाटतो. गाडी वेळेवर येते, कौतुक करावंसं वाटतं, पण डोळे विस्फारत नाहीत. एक बारकी गोष्टही आहे. व्हॅन गाल स्वतः 1972 मध्ये आयाक्सच्या दुसऱ्या संघात होता. पहिल्या संघात त्याला जागा मिळाली नाही, कारण तिथे क्रॉइफ खेळत होता. त्यावरून मानसशास्त्र काढत बसणार नाही, पण क्रॉइफ लागणारच नाही असा संघ त्यानं बांधला, एवढं दिसतं.

नियमांचंही भान ठेवायला हवं. 1990 पर्यंत बचावपटूच्या रेषेत उभा असलेला आक्रमकही ऑफसाइड धरला जायचा. म्हणून सत्तरीतला आयाक्स सगळी फळी एकदम पुढे पळवत समोरच्यांना सापळ्यात पकडू शकायचा. 1992 नंतर आपल्याच खेळाडूनं पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येईना. त्यातून व्हॅन डर सारसारखा पायानं खेळणारा गोलकीपर संघाचा अकरावा खेळाडू झाला. नव्वदीतल्या त्या संथ, खात्रीच्या पासिंगचा हा एक पाया आहे.

पण मला बोलायचंय ते वेगळ्याच नियमाबद्दल. मैदानाबाहेरच्या.

पहिला आयाक्स किती काळ एकत्र राहिला बघा. मिशेल्स जानेवारी 1965 मध्ये आला तेव्हा क्लब खालच्या विभागात घसरायच्या बेतात होता. डिसेंबर 1966 मध्ये दाट धुक्यात लिव्हरपूलला 5-1 हरवलं. 1969 चा अंतिम सामना मिलानकडून 1-4 हरले. 1971 ला पहिला चषक. सहा वर्षं! आणि मग सलग तीन. या सगळ्या काळात क्रॉइफ आणि कायझर तिथेच. हे सांगताना आपले डोळे भरून येतात: काय निष्ठा, काय मातीचं प्रेम.

थांबा. 1966 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीनं परदेशी खेळाडू घेणं बंद केलं, ते 1980 पर्यंत. स्पेनमध्येही साठीच्या दशकापासून तशीच बंदी होती. म्हणजे युरोपातल्या दोन सगळ्यांत पैसेवाल्या बाजारांची दारं बंद. स्पेनचं दार उघडलं कधी? 1973 मध्ये. क्रॉइफ बार्सिलोनाला गेला कधी? ऑगस्ट 1973.

नेहमीची गोष्ट अशी सांगतात की त्या उन्हाळ्यात खेळाडूंनी गुप्त मतदानानं कर्णधार निवडला, क्रॉइफऐवजी कायझर जिंकला, क्रॉइफ दुखावला आणि गेला. गोष्ट खरी आहे, नाटकात शोभेल अशी आहे. पण आदल्या वर्षी हेच मतदान झालं असतं, तर दुखावलेला क्रॉइफ स्पेनला कसा गेला असता? तो गेल्यावर काय झालं ते बघा: पुढच्याच मोसमात आयाक्स युरोपियन चषकातून दुसऱ्या फेरीत बाहेर, सोफियाच्या सीएसकेकडून. 1974 मध्ये नीसकेन्सही बार्सिलोनाला.

आता ती दुसरी तारीख. बर्नाब्यूवर टाळ्या पडल्या 22 नोव्हेंबर 1995 ला. 15 डिसेंबरला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं बोसमन खटल्याचा निकाल दिला. जाँ-मार्क बोसमन हा बेल्जियमचा साधा खेळाडू. करार संपला होता, फ्रान्समधल्या क्लबकडे जायचं होतं, पण जुना क्लब रक्कम मागत होता. न्यायालय म्हणालं, करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू संघातल्या दुसऱ्या देशात मोकळेपणी जाऊ शकतो, आणि त्या देशांच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादाही घालता येणार नाही. आयाक्सच्या घरात असे करार संपत आलेले तरुण किती होते! 1996 मध्ये डाविड्स आणि रायझिगर मिलानला, एक गिल्डरही न देता. 1997 मध्ये क्लुइव्हर्टही तसाच मिलानला. मे 1995 मध्ये व्हिएन्नाला मिलानविरुद्ध 85 व्या मिनिटाला गोल करून ज्यानं चषक आणला तो 18 वर्षांचा मुलगा, दोन वर्षांनी त्याच मिलानचा. दरम्यान 1996 चा अंतिम सामना ते युव्हेंटसकडून पेनल्टींवर हरले, आणि मग घर रिकामंच होत गेलं.

इथं आपल्यासारख्यांची पंचाईत होते. बोसमनचा निकाल न्याय्य होता. करार संपलेल्या माणसाला धरून ठेवायचा हक्क कुठल्या मालकाला असावा? इथं बसलेल्यांपैकी कुणीही नोकरीत ते सहन करणार नाही. पण ज्या संघांवर आपण जीव टाकतो ते पिकायला जो वेळ लागतो, तो वेळ बऱ्याच अंशी याच अन्यायातून मिळत होता. पहिला आयाक्स आणि तिसरा आयाक्स यांच्या 'निष्ठे'ची तुलना करणं म्हणजे कुलूप लावलेल्या खोलीतल्या माणसाचं, कुठे जात नाही म्हणून, कौतुक करणं.

म्हणून 2019 चा संघ घेतला. टेन हाग आला डिसेंबर 2017 च्या अखेरीस. माद्रिदच्या त्या रात्रीपर्यंत त्याला मिळाले जेमतेम चौदा महिने. आणि त्या रात्री मधल्या फळीत खेळणारा फ्रेंकी डी यॉन्ग जानेवारीतच बार्सिलोनाला 75 दशलक्ष युरोंना विकला गेला होता! विकलेल्या माणसाला बरोबर घेऊन ते रेआलला हरवत होते. विक्रीच्या टेबलावर कोण? क्लबचा मुख्याधिकारी व्हॅन डर सार, फुटबॉल संचालक ओव्हरमार्स. दोघंही 1995 चे. आपला संघ कसा फुटला हे आतून पाहिलेले. त्यांनी ठरवलं होतं, फुटणारच असेल तर निदान पैसे घेऊन फुटू दे.

तरी या संघाला सूट देणार नाही. उपांत्य फेरीत टॉटनहॅमला त्यांच्या घरी 1-0 हरवलेलं. अ‍ॅम्स्टरडॅमला मध्यंतरापर्यंत 2-0. एकूण तीन गोलांची आघाडी आणि हातात पंचेचाळीस मिनिटं. लुकास मौरानं तीन गोल केले, शेवटचा 96 व्या मिनिटाला, आणि परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमानं आयाक्स बाहेर. तो नियम 2021 मध्ये काढून टाकला, पण त्याचा यांना काय उपयोग. झियेशचा चेंडू खांबाला लागला, हे दुर्दैव. पण चेंडू नुसता ठेवून घ्यायचा, खेळ मारून टाकायचा, हे त्यांना येत नव्हतं. 1973 चा अंतिम सामना आठवा, बेलग्रेडचा, युव्हेंटसविरुद्ध. पाचव्या मिनिटाला योनी रेपनं गोल केला आणि उरलेली पंच्याऐंशी मिनिटं आयाक्सनं चेंडू फिरवत घालवली. कंटाळवाणा सामना आहे, मी दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहणार नाही. (हशा) पण ती पंच्याऐंशी मिनिटं खेळायला 1969 चा पराभव पचवलेला संघ लागतो. 2019 च्या संघाकडे पराभव होता, तो पचवून परत यायला मोसमच उरला नव्हता. कर्णधार डी लिख्ट 19 वर्षांचा, जुलैत युव्हेंटसला गेला.

मग माझं मत? सांगतो, नाहीतर सोडणार नाही तुम्ही. शोध म्हणून 1972. अचूकपणा म्हणून 1995. पण क्लबला मिळालेला वेळ आणि त्यात गाठलेली उंची यांचा हिशेब मांडला, तर 2019 चा संघ या दोघांच्या शेजारी बसवावा लागतो. चषकांच्या कपाटात तो दिसत नाही, म्हणून त्याला 'गोड आठवण' म्हणून बाजूला ठेवणं मला मान्य नाही.

त्या टॉटनहॅमच्या सामन्यात आयाक्सच्या बचावफळीत डेली ब्लिंड होता. 1995 ला व्हिएन्नात चषक उचलणारा कर्णधार डॅनी ब्लिंड, त्याचा हा मुलगा. 96 व्या मिनिटाचा गोल झाला तेव्हा पांढरे-लाल सदरे एकामागून एक गवतावर कोसळले. पंचांनी शिट्टी वाजवली तरी बराच वेळ कुणी उठलं नव्हतं.