‘स्त्रीपुरुषतुलना’ : एक आक्षेप

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या निबंधाची भाषा शिवराळ आहे, असा आक्षेप घेतात. तो खोटा नाहीं, अपुरा आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस १८८१ सालीं बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली (ती पुढें कमी झाली), आणि कांहीं पत्रांनीं समस्त स्त्रीजातीसच दूषणें दिलीं. तेव्हां बुलढाण्याच्या या बाईनें लेखणी उचलली. इंग्लंडांत मिल्लनें १८६९ त स्त्रियांची बाजू शांतपणें मांडली खरी. पण त्यास कोणी कुलटा म्हणणार नव्हतें! ताराबाई स्त्रियांवरील एकेक आरोप पुरुषांच्या पारड्यांत टाकून पाहतात. तेथें संयमाची अपेक्षा कोणीं करावी? जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली. मराठी समीक्षेनें मात्र १९७५ च्या पुनर्मुद्रणापर्यंत हें पुस्तक जवळजवळ विसरूनच टाकलें होतें. आमच्या महाविद्यालयांतून मिल्ल तेवढा वाचला जाई.