गोष्टीत खरं बोलणाऱ्याचं काय होतं?

दिवाळी महिन्यावर आली की ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "तू पीएचडी करतेस ना, मग सांग, मुलांसाठी गोष्टींची कोणती पुस्तकं घ्यावीत?" माझा विषय पदार्थविज्ञान. दिवसभर मी धातूंच्या पातळ थरांवर प्रयोग करत असते, त्यामुळे बालमानसशास्त्राशी माझा संबंध वाचकाचाच. पण शोधनिबंध कसा वाचायचा, त्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं, एवढं या काही वर्षांत अंगवळणी पडलंय. तेवढ्या भांडवलावर आजचा लेख.

यंदा प्रश्न जरा नेमका होता. इथे खडकवासल्यात आमच्या सोसायटीने दिवाळीच्या सुट्टीतल्या वाचनतासासाठी दोन हजार रुपये काढले आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलं चार ते आठ वर्षांची. पालकांच्या मागण्या तीन: पुस्तकं जुनी, नावाजलेली हवीत, सणावारांची हवीत, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बोध हवा. पहिल्या दोन मला मान्य आहेत. माझं भांडण तिसरीशी आहे. शेवटची 'तात्पर्य'वाली ओळ पाहून पुस्तक निवडणं ही निवड करायची चुकीची रीत आहे असं मला वाटतं. का, ते सांगते.

बोध लागू पडतो का?

२०१४ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. टोरोंटो विद्यापीठातले कांग ली आणि त्यांचे सहकारी यांचा. त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा आहे की आपल्याला आधी का सुचला नाही असं वाटावं: खरं बोला असं शिकवणाऱ्या प्रसिद्ध गोष्टी ऐकून मुलं खरोखर जास्त खरं बोलतात का?

प्रयोग असा. तीन ते सात वर्षांच्या मुलाला पाठमोरं बसवायचं. मागे ठेवलेलं खेळणं नुसत्या आवाजावरून ओळखायचा खेळ. मग मोठी व्यक्ती "मागे वळून बघू नकोस हं" असं बजावून खोलीबाहेर जाते. बरीच मुलं अर्थातच वळून बघतात. ती व्यक्ती परत येते, मुलाला एक गोष्ट वाचून दाखवते आणि मग विचारते, "तू बघितलंस का?" गोष्टी चार होत्या. लांडगा आला रे आला; खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची; लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याची, ज्यात तो वडिलांपाशी कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात; आणि तुलनेसाठी ससा-कासवाची, जिचा खरं-खोटं बोलण्याशी संबंधच नाही.

निकाल? लांडग्याची आणि पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्या मुलांपेक्षा काही जास्त खरं बोलली नाहीत. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मात्र बोलली. मग संशोधकांनी वॉशिंग्टनच्या गोष्टीचा शेवट फिरवला: मुलगा खोटं बोलतो आणि त्याचं वाईट होतं. परिणाम नाहीसा झाला. म्हणजे फरक वॉशिंग्टनच्या नावामुळे किंवा चेरीच्या झाडामुळे पडला नव्हता. खरं बोलणाऱ्याचं गोष्टीत भलं होताना दिसलं, त्यामुळे पडला.

गंमत अशी की ही वॉशिंग्टनची गोष्टच मुळात खोटी आहे. मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत ती घुसडली. खरेपणाची सगळ्यात परिणामकारक ठरलेली गोष्ट बनावट असावी, हे मला आवडतं. गोष्टीचं काम तिच्या घडणीतून होतं, हेच त्यातून दिसतं.

धनगराच्या पोराकडे पुन्हा बघू

इसापच्या गोष्टी मराठीत नव्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तंजावरच्या सरफोजी राजांनी त्या मराठीत छापून घेतल्या होत्या. त्यामुळे लांडग्याची गोष्ट आपल्याला आपलीच वाटते. पण ती मुलाच्या जागी बसून ऐका. पोरगा दोनदा थट्टा करतो, दोन्ही वेळा गाव धावत येतं. तिसऱ्या वेळी लांडगा खरंच येतो, तो खरंच ओरडतो, आणि कुणीही येत नाही. आमच्या तासाला ही गोष्ट झाल्यावर सहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "पण आता तर तो खरं सांगत होता ना? मग मोठी माणसं का नाही आली?"

मला हा प्रश्न तात्पर्यापेक्षा हुशार वाटतो. संपूर्ण गोष्टीत तो पोरगा एकदाच खरं बोलतो, आणि नेमकं तेव्हाच त्याचं नुकसान होतं. खाली 'खोटे बोलू नये' असं ठळक छापलेलं असलं तरी मुलाने प्रसंगात पाहिलेलं वेगळंच असतं: एकदा चुकलास की मग तू खरं सांगूनही उपयोग नाही.

हा शब्दच्छल वाटत असेल तर आमच्या गावात येऊन बघा. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर धरणाचं पाणी आहे. पाण्याकडे एकट्याने जायचं नाही हे इथल्या प्रत्येक मुलाला बजावलेलं असतं आणि तरी मुलं जातात. कुणी बुडाल्याची बातमी इथल्या लोकांना नवीन नाही. अशा वेळी सोबतचं मूल काय करतं? "आपण इथे आलोच कसे" या भीतीने गप्प राहतं, की धावत जाऊन पहिल्या मोठ्या माणसाला सगळं सांगतं? मधली काही मिनिटंच महत्त्वाची असतात. आधी नियम मोडलेला असतानाही खरं सांगता आलं पाहिजे, आणि सांगितल्यावर मोठी माणसं धावून येतील याची खात्री पाहिजे. लांडग्याची गोष्ट नेमकी ही खात्री काढून घेते. इतर ठिकाणी ती खुशाल वाचा, विनोदी सांगता येते, मुलांना ओरडायला आवडतं. 'खरेपणाचे संस्कार' म्हणून ती पुढे करू नये, एवढंच म्हणणं.

मग सणांच्या गोष्टींत काय आहे?

इथे आपल्याकडे फार चांगला माल आहे आणि आपण तो नीट हाताळत नाही. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला देवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. सगळ्यांनी घरातलं सगळं दूध आणावं अशी दवंडी पिटली जाते. लोक घाबरून आणतात, वासरं आणि लेकरं उपाशी राहतात, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरच्यांना, मुलांना, वासरांना दूध देते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते. तेवढ्याने गाभारा भरतो.

पुढचा भाग आपण उरकून टाकतो, पण खरा जोर तिथेच आहे. राजा तिला पकडतो. ती घाबरते, कारण तिने राजाची आज्ञा मोडलेली आहे. ती अभय मागते, राजा देतो. मग ती खरं सांगते, आणि त्यात राजाचीच चूक असते. राजा ऐकून घेतो आणि उपाय विचारतो. नियम मोडणारी व्यक्ती, तिची भीती, तिला मिळालेलं अभय, तिचं खरं बोलणं आणि त्यातून सगळ्यांचं भलं: वॉशिंग्टनच्या गोष्टीत जे आहे ते सगळं इथे आहे, शिवाय वडिलांच्या जागी चुकू शकणारा राजा आहे. ही कहाणी ऐकून मुलं जास्त खरं बोलतात असा प्रयोग कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. पण घडण तीच आहे, आणि निवड करताना मी तिच्यावर पैज लावीन.

बाजारातल्या रंगीत 'सणांच्या गोष्टी' मालिका मी या नजरेने चाळल्या. बऱ्याच ठिकाणी ही कहाणी गाभारा भरला तिथेच संपवलेली दिसली. राजा आणि म्हातारीचं बोलणं गळालेलं, खाली बोध: 'भक्तीने केलेले थोडेही देवाला पोचते.' बोध चूक नाही, पण गोष्टीचा कणा काढून टाकलाय.

सत्यनारायणाच्या कथेचंही असंच होतं. साधुवाणी नावेत काय आहे ते खोटं सांगतो आणि मालाचा पालापाचोळा होतो, इथवर सगळ्यांना पाठ असतं. तो परत जाऊन क्षमा मागतो आणि त्याचा माल त्याला परत मिळतो, हे सांगताना आपला आवाज प्रसादाच्या घाईत असतो. लहान मूल समोर असेल तर घाई पहिल्या भागात करा.

प्राणी की माणसं?

मुलांना प्राण्यांच्याच गोष्टी आवडतात असं आपण धरून चालतो. टोरोंटोतल्याच आणखी एका प्रयोगात (निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेआ) चार ते सहा वर्षांच्या मुलांना स्टिकर दिले आणि त्यातले किती दुसऱ्या मुलाला देणार ते पाहिलं. मग वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना माणसांच्या पात्रांसह, काहींना प्राण्यांच्या पात्रांसह वाचून दाखवली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांनी आधीपेक्षा कमी दिले.

म्हणून पंचतंत्र फेकून द्यायचं का? मुळीच नाही. पंचतंत्र आपल्याला हवंय ते त्यातल्या चातुर्यासाठी, कोल्ह्या-माकडांच्या बोलण्यासाठी. 'वाटून खावं' हे पोचवायचं असेल तर 'श्यामची आई'मधला दिवाळीचा प्रसंग जास्त जवळचा आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे आई स्वतःवर खर्च न करता वडिलांच्या धोतरासाठी देते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. भाषा आजच्या सहा वर्षांच्या मुलाला जड जाते, रडू जरा जास्त आहे हेही खरं. अख्खं पुस्तक एका दमात वाचू नका, एक प्रसंग निवडा आणि अडेल तिथे आपल्या शब्दांत सांगा. त्याहून लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आहे. त्यात बोध शोधूनही सापडत नाही. घरातली माणसं मात्र खरी वाटतात.

एकशे एक बोधकथा

यादीतून मी सर्वात आधी काय काढलं असेल तर 'एकशे एक बोधकथा' छापाचे जाड ग्रंथ. स्वस्त पडतात हे कबूल. पण एका पानात गोष्ट संपवायची म्हणून त्यातली माणसं बोलतच नाहीत, फक्त वागतात आणि शिक्षा भोगतात. शिवाय मुलांना गोष्टींची संख्या नको असते, तीच गोष्ट पुन्हा हवी असते. या हट्टालाही आधार आहे. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभर गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा येत होते. तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द जास्त चांगले लक्षात ठेवले. तेव्हा दहाव्यांदा वाचताना आपल्याला कंटाळा येणार नाही अशी भाषा पुस्तकात आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या तपासा. मोठ्याने एक पान वाचा. कुणी बघत असेल तर बघू दे.

आणि बोधाची जागा कशाने भरायची? वेतालाला विचारा. वेतालपंचविशीतल्या गोष्टी तात्पर्यावर संपत नाहीत, प्रश्नावर संपतात. यांतल्या सगळ्याच लहान मुलांसमोर वाचण्याजोग्या नाहीत, पण रीत उचलण्यासारखी आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं होतं की वाचताना मुलाला मोकळे प्रश्न विचारले आणि त्याच्या उत्तरात भर घातली, तर महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसतो. आपला वेताल हे केव्हापासून करतोय.

आता मर्यादा. हे प्रयोग छोटे आहेत, परदेशातल्या मुलांवरचे आहेत. पहिल्या दोन प्रयोगांत परिणाम गोष्ट संपल्यावर लगेच मोजलाय. खरेपणाच्या प्रयोगात तर गोष्टीनंतर मुलांना 'तसं वाग' असं सुचवलंही होतं. एका संध्याकाळच्या गोष्टीने मूल आयुष्यभरासाठी प्रामाणिक होतं, असं यातून सिद्ध होत नाही. जे सिद्ध होतं ते उलट बाजूने उपयोगी आहे: शेवटी बोध छापला म्हणून गोष्ट काही शिकवतेच असं नाही.

आमच्या दोन हजारांत शेवटी बसलं ते असं: 'राधाचं घर', कहाण्यांचं साधं, काळ्या-पांढऱ्या छपाईतलं पुस्तक, पंचतंत्राची एक चांगल्या मराठीतली आवृत्ती, 'श्यामची आई', आणि 'किशोर'चा दिवाळी अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि खिशाला परवडतं. कहाण्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला दोन पालकांनी नाकं मुरडली. पण खुलभर दुधाच्या कहाणीत राजा म्हातारीला अभय देतो ते पान त्यात शाबूत आहे.

तुम्हीही घरात असलेलं एखादं पुस्तक काढा, शेवटची ओळ हाताने झाका आणि बघा: या गोष्टीत खरं बोलणाऱ्याचं काय होतं? मुलालाही विचारा. त्याचं उत्तर छापील ओळीपेक्षा वेगळं निघालं, तर आधी त्याचं ऐका.