प्रणयकादंबरीतील संबोधन आणि प्रस्तावनेतील विनय
(शिरूर–दौंड परिसरातील वाचकाच्या निमित्ताने)

एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे नाव मराठीने एका प्रेमकथेच्या नायिकेवरून घेतले, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा विचार सहसा केला जात नाही. बाणभट्टाची कादंबरी ही गंधर्वकन्या. तिचे विशेषनाम मराठीत आणि शेजारच्या कन्नडात सामान्यनाम होऊन बसले. हिंदी व बंगाली भाषांनी 'उपन्यास' हा शब्द पत्करला, गुजरातीने 'नवलकथा'. असे असूनही ज्या कादंबरीत प्रणय हाच मुख्य विषय आहे, तिच्याकडे मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासाने पाठच फिरविली आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' (1861) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (1868) यांचा उल्लेख आपण 'अद्भुतरम्य' या एका विशेषणात आटोपतो, ना. सी. फडके यांच्यासाठी 'तंत्र' हा एक शब्द राखून ठेवतो. आणि त्यांच्या पुढच्यांना तर 'लोकप्रिय' म्हणून अभ्यासक्रमाच्या दाराबाहेरच उभे करतो. या लेखकांच्या वाङ्मयीन गुणावगुणांचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांच्या पुस्तकांत दोन प्रकारची बोलणी आढळतात. नायक-नायिका एकमेकांशी बोलतात ते एक, आणि लेखक आपले नवे पुस्तक वाचकापुढे ठेवताना बोलतो ते दुसरे. या दोहोंचे व्याकरण ताडून पाहावे, एवढाच येथे उद्देश आहे.

या विचारास निमित्त वर्गातच झाले. शिरूर व दौंड तालुक्यांतून येणाऱ्या काही विद्यार्थिनींपुढे, प्रेमाची कबुली देणारी वाक्ये मराठीत किती प्रकारांनी रचता येतील, हा प्रश्न ठेवला होता. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य फळ्यावर येताच त्यांतील एकीने सांगितले की हे वाक्य तिने वाचले आहे, ऐकले आहे, पण घरी वा गावात कोणी बोलल्याचे तिला स्मरत नाही. इतरांनी मान डोलावली. मग गावात काय म्हणतात, असे विचारता 'जीव लावला', 'जीव जडला', 'मन बसलं' असे प्रयोग पुढे आले, आणि थोड्या संकोचाने 'नाद लागला' हाही आला.

या प्रयोगांत एक सूत्र आहे. 'जीव लावणे' सोडल्यास येथे प्रेम करणारी व्यक्ती कर्ता नाही. जीव जडतो, मन बसते, नाद लागतो. व्यक्तीवर ते केवळ ओढवते. 'मला तो आवडतो' या वाक्यातही क्रियापद 'तो' या पदाशी जुळते, आणि जिला आवडतो ती चतुर्थीत मागे उभी राहते. दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (1911) पुढे व्याकरणकारांना या अनुभवदर्शक चतुर्थीचा विचार करावा लागला आहे. याउलट 'मी तुझ्यावर प्रेम करते' या वाक्यात 'मी' ही खरी कर्ती आहे. प्रेम ही तिने केलेली क्रिया आहे आणि म्हणून तिची जबाबदारीही तिच्याकडे येते. 'प्रेम' हा शब्द मराठीस नवा नव्हे; संतांच्या अभंगांत तो पदोपदी आहे, पण तेथे त्याचा विषय विठ्ठल आहे. तो शब्द घेऊन त्याला 'करणे' जोडावे आणि एका तरुण स्त्रीच्या तोंडी प्रथमपुरुषी घालावा, हे घडवून आणण्यात प्रणयकादंबरीचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते. ते वाक्य 'पुस्तकी' आहे हे खरेच. ते पुस्तकातूनच समाजात आले.

संबोधनाच्या बाबतीत हे स्थित्यंतर अधिक स्पष्ट दिसते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून 1890 नंतर क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील यमू पतीचा निर्देश 'स्वारी', 'इकडून' अशा शब्दांनी करते. 'इकडून' हे खरे तर स्थलवाचक अव्यय. नाव घ्यावयाचे नाही, सर्वनामही उच्चारावयाचे नाही, म्हणून दिशा दाखवावयाची. फडक्यांच्या कादंबऱ्यांतील सुशिक्षित तरुण-तरुणी 'इकडून'च्या या प्रदेशातून बाहेर पडलेली आहेत. ती एकमेकांना प्रथम 'तुम्ही' म्हणतात आणि पुढे एका क्षणी 'तू' म्हणतात. त्या प्रकारच्या कादंबरीत 'तुम्ही'कडून 'तू'कडे होणारे हे संक्रमण कथानकातील घटनेइतके वजनदार असते. कित्येकदा घटना तीच असते. फडक्यांवर टेनिसच्या रॅकेटी आणि बंगले यांवरून टीका पुष्कळ झाली. त्यांच्या पात्रांनी सर्वनाम बदलण्यात दाखविलेल्या धैर्याची दखल मात्र टीकाकारांनी तितकी घेतलेली नाही.

फडक्यांचा जन्म 4 ऑगस्ट 1894 रोजी कर्जत येथे झाला. हे कर्जत तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले; दौंडकडून भीमा ओलांडली की पलीकडे तो मुलूख लागतो. पण त्यांच्या कादंबऱ्यांचा भूगोल पुण्या-मुंबईचा आणि कोल्हापूरचा आहे. 'अल्ला हो अकबर' (1917) ही त्यांची पहिली कादंबरी मारी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठी प्रणयकादंबरीच्या सर्वात यशस्वी कारागिराने आपले पहिले पाऊल परभाषेतील सर्वाधिक खपाच्या लेखिकेचे बोट धरून टाकले. पुढे 'जादूगार' (1928), 'दौलत' (1929), 'अटकेपार' (1931) असा क्रम सुरू झाला आणि कादंबऱ्यांची संख्या सत्तरीच्या पुढे गेली. हे सर्व तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी, गुजगोष्टी, लघुकथा, व्याख्याने आणि नियतकालिकांचे संपादन सांभाळून चालले होते. अशा लेखनास स्फूर्तीची वाट पाहत बसणे परवडत नाही. ते नेमाने करावे लागते. 'प्रतिभासाधन' (1931) या ग्रंथाचे खरे महत्त्व मला येथे दिसते. कथालेखन ही शिकता येणारी, साधनेने हस्तगत होणारी विद्या आहे असे त्यांनी उघडपणे मांडले. 'कलेसाठी कला' या पक्षाचे म्हणून ते ओळखले जातात, आणि खांडेकरांशी त्या संदर्भात त्यांचे नाव जोडले जाते. पण कलेचा कैवार घेणाऱ्या या माणसाने लेखनाचा धंदा जितक्या मोकळेपणाने समजावून दिला तितका तो जीवनवाद्यांनी दिला नाही. 1940 साली रत्नागिरीच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद आणि 1962 साली पद्मभूषण, असे दोन्ही सन्मान या 'रंजनवादी' लेखकास मिळाले, हेही नमूद केले पाहिजे.

आता दुसरे बोलणे, म्हणजे पुस्तकाविषयीचे. जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रस्तावना व 'दोन शब्द' चाळले तर एक ठरावीक व्याकरण हाती लागते. पुस्तक 'लिहिले' असे सहसा म्हणत नाहीत. ते 'हातून लिहून झाले' असते. ते वाचकांच्या 'हाती देताना' आनंद 'होतो'. आणि वाचकाने ते 'गोड मानून घ्यावे'. येथेही कर्ता मागे सरकलेला आहे, आणि क्रियापद विध्यर्थी आहे. आज्ञा नाही, अपेक्षाही नाही. केवळ एक सौम्य 'वे'. आतील पानांत ज्याची नायिका 'मी प्रेम करते' असे कर्तरी बोलते, त्या लेखकाला पहिल्या पानावर 'मी हे लिहिले, तुम्ही विकत घ्या' असे म्हणता येत नाही. नायिकेने सोडलेला 'इकडून' जणू लेखकाने उचलून घेतला. या विनयाला मी ढोंग म्हणणार नाही. विद्या विकू नये हा जुना संस्कार आणि ग्रंथव्यवहारावाचून पोट भरत नाही ही नवी परिस्थिती, यांच्यात सापडलेल्या माणसाची ती भाषा आहे. परंतु तिचा एक परिणाम झाला. पुस्तक खपविण्याचे काम प्रकाशकावर, दिवाळी अंकांवर आणि वाचनालयांवर पडले, आणि लेखक त्यापासून वरवर तरी अलिप्त राहिला.

'मासिक मनोरंजन'ने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे कादंबरी आधी दिवाळी अंकात आणि मग पुस्तकरूपाने, हा मार्ग रूढ झाला. या मार्गावर लेखकाला कशाची किंमत द्यावी लागे, हे चंद्रकांत काकोडकरांच्या खटल्यावरून कळते. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा आरोप आला. कनिष्ठ न्यायालयाने निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने दोषी, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष. त्याच 1969 साली त्यांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट देशभर गाजला. एकाच वर्षी एका मराठी लेखकाचे नाव न्यायालयाच्या निकालात आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यावे आणि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येऊ नये, हे आपल्या अभ्यासाच्या मर्यादेवरील पुरेसे भाष्य आहे.

शिरूर आणि दौंड ही या व्यवहाराची टोकाची ठिकाणे. शिरूर, म्हणजे जुन्यांचे घोडनदी, पुणे–नगर रस्त्यावरचे. तेथे कादंबरी एस.टी.ने पोहोचे. दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन तेथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावावे लागे. अलीकडे कॉर्ड मार्ग झाल्यापासून पुष्कळ गाड्यांची ती खोटी वाचली आहे. त्या खोळंब्यात फलाटावरच्या दुकानातून घेतलेली स्वस्त कादंबरी नगरपर्यंत संपवावी, अशी तिची लांबी असे. हा वाचक प्रस्तावना वाचीत नव्हता. तो मुखपृष्ठ पाही, लेखकाचे नाव पाही, आणि पहिल्या पानावर कोण कोणाला 'तू' म्हणते ते पाही.

आणि याच वाचकाच्या शिवारात प्रेमाची दुसरी भाषा आधीपासून नांदत होती. दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर रस्त्यावरील चौफुल्याला कलाकेंद्रे आहेत. तेथे लावणी गायिली जाते. लावणीतली स्त्री 'राया' म्हणते, 'साजणा' म्हणते, रुसते, अट घालते, प्रसंगी आज्ञाही करते. तिला 'तुम्ही'कडून 'तू'कडे येण्यास दोनशे पाने लागत नाहीत. प्रणयकादंबरीने हा शब्दसंग्रह जवळजवळ अस्पृश्य मानला. पांढरपेशा नायिकेच्या तोंडी फडाची भाषा शोभली नसती हे मान्य. परंतु कादंबरीकाराने प्रेमाची भाषा शोधावयास कोरेलीपर्यंत जावे आणि चौफुल्यापर्यंत येऊ नये, यात केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही, जातीचाही आहे. वर्गातील त्या विद्यार्थिनींना 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य परके वाटले त्याचे कारण मला येथे सापडते.

शिरूर तालुक्यात पाबळ येथे मस्तानीची समाधी आहे. 1740 साली बाजीराव रावेरखेडीस वारले आणि त्याच वर्षी मस्तानीचाही अंत झाला. ना. सं. इनामदारांची 'राऊ' (1972) या दोघांवरची. तिला ऐतिहासिक कादंबरी म्हणण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ती रचनेने प्रणयकादंबरी आहे, आणि याचा पुरावा तिच्या शीर्षकातच आहे. 'बाजीराव' हे इतिहासाचे नाव, 'राऊ' हे जवळच्यांनी घ्यावयाचे. मुखपृष्ठावरच लेखकाने वाचकाला त्या घरगुती संबोधनाचा अधिकार देऊन टाकला. पुस्तकाचा याहून चांगला पुकारा कोणत्या प्रस्तावनेने केला असता? इतर भाषिकांपर्यंत ही कथा 2015 च्या हिंदी चित्रपटाने नेली. त्याचे शीर्षक मात्र पुन्हा 'बाजीराव मस्तानी' असे पूर्ण नावांचे झाले. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर 2013 साली चित्रपट आला तेव्हाही लेखकाच्या मृत्यूला दहा वर्षे झालेली होती. प्रणयकादंबरीला नवे आयुष्य मिळते ते पुष्कळदा असे, लेखकाच्या मागे.

आजचा प्रणयलेखक मागे राहत नाही. तो स्वतःच नव्या पुस्तकाची वार्ता देतो, प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतो, तालुक्याच्या गावी वाचनालयात येऊन बोलतो, भ्रमणध्वनीवरून निरोप पाठवितो. त्याचे क्रियापदही बदलले आहे : 'वाचावे' जाऊन 'जरूर वाचा', 'आजच मागवा' आले. विध्यर्थाची जागा आज्ञार्थाने घेतली. ज्येष्ठांना हे उद्धट वाटते. मला ते तितके वाटत नाही. ज्याने आपल्या पात्रांना कर्ता केले त्याने कधीतरी स्वतःही कर्ता व्हावयाचेच होते. अडचण वेगळी आहे. हा आज्ञार्थ मराठीच्या घडणीतून आलेला नाही. सर्व भाषांतील जाहिरातींच्या साच्यातून तो आला आहे, आणि म्हणून शिरूरच्या वाचकाला तो तेलाच्या वा साबणाच्या पुकाऱ्याहून वेगळा ऐकू येत नाही. आग्रहाची स्वतःची मराठी रीत आहे. पंगतीत 'घ्या हो, एवढंच' म्हणताना आपण आज्ञार्थच वापरतो, पण त्यातील 'हो' सारा भार उचलतो. ते 'हो' अद्याप कोणाच्या मलपृष्ठावर पाहावयास मिळाले नाही.

पुढील अभ्यासासाठी सामग्री गोळा करावयाची असल्यास विलंब करून चालणार नाही. गावोगावच्या वाचनालयांतून जीर्ण म्हणून रद्दीत जाणारी पहिली पुस्तके हीच असतात, कारण तीच सर्वाधिक वाचली गेलेली असतात. शिरूरच्या बाजूच्या एका वाचनालयातून काढून टाकलेली एक प्रत विद्यार्थ्यांनी आणून दाखविली. तिची प्रस्तावनेची पाने स्वच्छ आहेत, कडाही न दुमडलेल्या. पुढे एका पानावर संवादातील 'तुम्ही'खाली पेन्सिलीने रेघ ओढून कोणीतरी समासात बारीक अक्षरांत लिहिले आहे : 'अजून?'