प्रतिकृतीतली खाच

आता अमेरिकेतल्या जुन्या लाकडी मालडब्यांच्या, म्हणजे बॉक्सकारच्या, प्रतिकृतींकडे येऊ. एचओ प्रमाण, म्हणजे 1:87. कारागिरी उत्तम असते. माझा आक्षेप वेगळा आहे. फळ्यांमधल्या खाचा बघा. प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटरची खाच पाडली, की मूळ डब्यावर ती चार सेंटिमीटरहून रुंद ठरते. एवढ्या फटीतून पाऊस आत येईल की! प्रत्यक्षात त्या फळ्या रंधा मारलेल्या, खोबणीत एकमेकींना घट्ट बसवलेल्या आणि वरून रंगवलेल्या असत. मग खाच इतकी ठळक का? कारण ती तो डबा दाखवत नाही, आपल्या मनातलं ‘जुनं लाकूड’ दाखवते.

खरा इतिहास सांगाड्यात आहे. 1918 मध्ये अमेरिकी सरकारच्या रेल्वे प्रशासनाने दोन प्रमाणित आराखडे दिले. 40 टनी डब्याला आतून-बाहेरून फळ्या, सांगाडा मध्ये झाकलेला. 50 टनी डब्याला फळ्या फक्त आतून. पोलादी सांगाडा बाहेर उघडा. म्हणजे भार कोण पेलतंय, ते दिसतं.

आणि माणूस? हवेचे ब्रेक रुळण्याआधी ब्रेकमन धावत्या गाडीच्या छपरावरून चालत जाऊन हाताने ब्रेक आवळायचे. कडी-खिट्टीने डबे जोडताना बोटं तुटायची. 1893 चा सुरक्षा कायदा आला तो यामुळेच. त्यात धरायच्या दांड्यासुद्धा सक्तीच्या झाल्या. प्रतिकृतीत नेमकी हीच दांडी कुठेतरी, कशीतरी चिकटवलेली असते. माझं म्हणणं एवढंच : खाच उथळ करा, दांडी जागेवर लावा.