संपत्ती निर्देशांक: क्रम कळतो, दरी नाही

तुमचा डेटा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आहे आणि सिनॉप्सिसमध्ये ‘उत्पन्न गट’ लिहिलंय? मग जरा थांबा. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही हेच लिहिलं होतं.

तिथल्या संपत्ती निर्देशांकात उत्पन्न नसतंच. घरात फ्रिज आहे का, दुचाकी आहे का, भिंती पक्क्या आहेत का, शौचालय कसं आहे, अशा नोंदींना प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिसने भार दिले जातात. फिल्मर आणि प्रिचेट यांच्या २००१ च्या शोधनिबंधानंतर ही पद्धत रुळली. तिचा फायदा खरा आहे. हंगामी मजुराला वर्षाची कमाई विचारण्यापेक्षा घरातल्या वस्तू मोजणं सोपं आणि भरवशाचं.

अडचण पुढे येते. या गुणांवरून लोकसंख्येचे पाच समान भाग पाडतात. त्यामुळे फेरी २०१५-१६ ची घ्या किंवा २०१९-२१ ची, देशपातळीवर तळाच्या गटात २० टक्केच लोक असणार. मग या गटांवरून ‘गरिबी घटली’ कसं म्हणणार? शिवाय हप्त्यावर घेतलेली दुचाकी आणि रोखीने घेतलेली दुचाकी, दोन्हींना गुण सारखेच. कर्ज दिसतच नाही.

म्हणून कुटुंबांचा क्रम लावायला हा निर्देशांक जरूर वापरा. त्यांच्यातली दरी रुपयांत मोजायची असेल, तर खर्चाचा किंवा उत्पन्नाचा डेटा शोधा. आणि सिनॉप्सिसमधला तो शब्द आजच बदला.